बाळशास्त्री जांभेकर : दोन रकान्यांचा संपादक

जानेवारी महिना लागला की आमच्या बेळगावात पत्रकार दिनाच्या बातम्या सुरू होतात. ६ जानेवारीला कुठल्यातरी सभागृहात एका चित्राला हार घातला जातो, दीपप्रज्वलन होतं, मग शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि भाषणं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटोत सत्कार करणारे दिसतात, सत्कार घेणारे दिसतात. ज्यांच्या नावानं हे सगळं चाललंय ते बाळशास्त्री मात्र मागच्या भिंतीवर, हारात अर्धे झाकलेले असतात.

मी खासबागेत वाढलो. आमच्या भागात सकाळी मागांचा खडखडाट सुरू होण्याआधी पेपर येतो. काही घरांत मराठी, काही घरांत कन्नड, आणि काही घरांत दोन्ही. चहाच्या टपरीवर तर दोन्ही पेपर एकाच बाकड्यावर पडलेले असतात. एक जण मराठीतली बातमी मोठ्यानं वाचतो, दुसरा म्हणतो कन्नड पेपरात वेगळंच दिलंय, आणि मग चहा संपेपर्यंत वाद. एकच गोष्ट दोन भाषांत शेजारी शेजारी वाचायची ही सवय आम्हाला नवी नाही. म्हणूनच मराठीतल्या पहिल्या वर्तमानपत्राचं प्रत्येक पान दोन भाषांच्या दोन रकान्यांत छापलेलं होतं हे मला कळलं, तेव्हा तो मागच्या भिंतीवरचा माणूस मला एकदम आपल्या गल्लीतला वाटू लागला.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी मी त्यांच्याविषयीच लिहायचं ठरवलं, ते त्यामुळे.

पुरस्कारांवरची नावं

आधी पुरस्कारांबद्दल थोडं. महाराष्ट्र शासन दर वर्षी पत्रकारितेसाठी जे पुरस्कार देतं, त्यांतला राज्यस्तरावरचा मराठीचा पुरस्कार बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाचा आहे. हिंदीचा बाबूराव विष्णु पराडकरांच्या नावाचा, इंग्रजीचा अनंत गोपाळ शेवड्यांच्या नावाचा. मग विभागवार पुरस्कार. नागपूरचा ग. त्र्यं. माडखोलकर, पुण्याचा नानासाहेब परुळेकर, मुंबईचा आचार्य अत्रे, कोकणाचा शि. म. परांजपे, आणि आपल्याला सगळ्यात जवळचा कोल्हापूरचा, तो ‘पुढारी’च्या ग. गो. जाधवांच्या नावाचा. इकडे कर्नाटकातही तीच रीत आहे. तिथे मोहरे हणमंतरावांच्या नावाचा पुरस्कार आहे. त्यांनी ज्या ‘संयुक्त कर्नाटक’चं संपादन केलं ते पत्र सुरू झालं आपल्या बेळगावातच, पुढे ते हुबळीला गेलं.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. त्यातले बहुतेक संपादक विसाव्या शतकातले. त्यांना वाचक होता, छापखाने होते, रेल्वे होती, टपाल होतं, कुणाकुणाला तर मोठ्या चळवळींचं पाठबळ होतं. जांभेकरांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांना आधी वाचक तयार करावा लागला. हा फरक लक्षात ठेवला तरच त्यांचं आयुष्य समजतं.

पोंभुर्ल्याहून मुंबईला

बाळशास्त्रींचं गाव पोंभुर्ले. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यातलं हे छोटं गाव. बेळगावहून घाट उतरून कोकणात जाणाऱ्या आपल्या लोकांना तो मुलूख काही परका नाही. त्यांचा जन्म साधारण १८१२ चा मानतात. ६ जानेवारी ही ‘दर्पण’च्या पहिल्या अंकाची तारीख, अनेक ठिकाणी ती त्यांची जयंती म्हणूनही साजरी होते. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगत. घरातच मराठी आणि संस्कृतचं शिक्षण झालं. लहान वयातच पाठांतर, व्याकरण, श्लोकांचे अर्थ हे सगळं पक्कं झालं. म्हणजे पुढे ज्या शास्त्र्यांशी त्यांचा वाद झाला, त्यांचीच विद्या घेऊन हा मुलगा घराबाहेर पडला होता.

पेशवाई १८१८ मध्ये संपली होती. मुंबईत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर होता आणि एतद्देशीयांना शिकवण्यासाठी एक शिक्षण मंडळी काम करू लागली होती. तिचे नेटिव्ह सेक्रेटरी होते सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे. १८२५ च्या आसपास बाळशास्त्री मुंबईला आले ते या छत्र्यांच्या आश्रयानं. इंग्रजी शिकायला.

ते कसे शिकले असतील याचा विचार केला की आपल्यालाच लाज वाटते. आज आपल्याकडे कोश आहेत, मोबाइल आहे, क्लास आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशसुद्धा १८३१ मध्ये निघाला, म्हणजे बाळशास्त्री इंग्रजी शिकून बसल्यानंतर! आणि नुसती इंग्रजी नव्हे. गणितात ते इतके पुढे गेले की विशीच्या आत त्याच संस्थेत गणित शिकवू लागले. काही वर्षांतच छत्र्यांच्या जागेवर, नेटिव्ह सेक्रेटरी म्हणून ते बसले. मराठी, संस्कृत, इंग्रजी, गुजराती, बंगाली, फारसी, लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि दक्षिणेकडच्या तेलुगू आणि कन्नड, एवढ्या भाषांशी त्यांचा परिचय होता. मध्ये काही काळ ते अक्कलकोटच्या युवराजाचे शिक्षक होते. अक्कलकोट म्हणजे आपल्यासारखाच मराठी-कन्नड मिसळलेला मुलूख. बाजारात एक भाषा, घरात दुसरी.

सीमाभागातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. मराठी पत्रकारितेचा आद्य संपादक कन्नड जाणणारा होता. हे आपण व्यासपीठावरून फारसं सांगत नाही.

आरसा

आता ‘दर्पण’.

६ जानेवारी १८३२ ला त्याचा पहिला अंक मुंबईत निघाला. संपादक जांभेकर, वय विशीच्या घरात. बरोबर गोविंद विठ्ठल कुंटे उर्फ भाऊ महाजन. त्याआधी मुंबईत वर्तमानपत्रं नव्हती असं नाही. इंग्रजी पत्रं होती. फर्दुनजी मर्झबान यांचं गुजराती ‘मुंबई समाचार’ १८२२ पासून चालू होतं, ते आजही चालू आहे. तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ मध्येच ‘समाचार दर्पण’ काढलं होतं. मराठी माणसाच्या हाती मात्र त्याच्या भाषेत चाललेलं, टिकलेलं पत्र नव्हतं. ती जागा ‘दर्पण’नं भरली.

सुरुवातीला ते पाक्षिक होतं. चारच महिन्यांत, ४ मे १८३२ पासून, ते साप्ताहिक झालं. प्रत्येक पानावर दोन रकाने, एकात इंग्रजी आणि एकात मराठी. मजकूर तोच.

ही रचना वरवर सोपी वाटते. पण ज्यानं कधी कॉलेजचं भित्तिपत्रक जरी दोन भाषांत काढलं असेल त्याला विचारा. इंग्रजीतलं वाक्य मराठीत कधी ताणतं, कधी आखडतं. दोन रकाने शेजारी बसवायचे तर लिहिणाऱ्याला दोन्हीकडून विचार करावा लागतो. त्यात तो काळ खिळ्यांचा. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. इंग्रजीला लहान-मोठी अक्षरं आणि चिन्हं मिळून काम भागायचं, देवनागरीला मात्र काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं असे कितीतरी खिळे लागायचे. एक चूक झाली की ओळ सोडवून पुन्हा जुळवायची. आणि हे दर आठवड्याला.

तरी दोन रकाने कशाला? एक कारण उघड आहे. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी मुलाला एका बाजूचं वाचून दुसऱ्या बाजूला ताडून बघता यावं. ‘दर्पण’ हा एक प्रकारे वर्गच होता. दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. इंग्रजी रकाना राज्य करणारे वाचत होते, मराठी रकाना ज्यांच्यावर राज्य चाललं होतं ते वाचत होते. दोघांनाही एकच गोष्ट सांगितली जात होती. साहेबाला एक आणि रयतेला एक असं करायची सोय त्या पानातच नव्हती. शेजारचा रकाना लगेच साक्ष देत होता. नाव ‘दर्पण’, म्हणजे आरसा, ते याच अर्थानं शोभतं. आरसा समोर कोण उभं आहे ते बघून चेहरा बदलत नाही.

विषय तरी किती. इंग्लंडातल्या आणि युरोपातल्या घडामोडी, विज्ञानातले शोध, शिक्षण, व्यापार, आणि आपल्या समाजाच्या चालीरीती. सतीबंदीचा कायदा १८२९ मध्ये नुकताच झाला होता. विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न कुणी चारचौघांत काढत नव्हतं. ‘दर्पण’नं तो काढला. बाळशास्त्री केवळ मत देऊन थांबले नाहीत. गंगाधरशास्त्री फडके यांच्याकडून त्यांनी या विषयावर शास्त्राधारे एक पुस्तक लिहवून घेतलं. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ मध्ये. तो पाहायला बाळशास्त्री नव्हते.

वाचक कुठे होते?

आपण नेहमी म्हणतो की पेपर चालत नाहीत, लोक वाचत नाहीत. ‘दर्पण’च्या वेळची परिस्थिती जरा डोळ्यांसमोर आणा. आगगाडी यायला अजून २१ वर्षं होती. एका ठरावीक तिकिटात देशभर पत्र पोचवायची सोय १८५४ मध्ये आली. त्याआधी टपालाचा खर्च अंतरावर असायचा आणि सामान्य माणसाला तो झेपायचा नाही. वर्तमानपत्र काढायला सरकारची परवानगी लागायची. ते बंधन १८३५ मध्ये मेटकाफच्या काळात सैल झालं. लोकांची रोजची लिखापढी मोडीत चालायची, आणि छापलेलं पुस्तक बाटवतं की काय अशी शंका घेणारेही होते. वर्गणीदार शेकड्यांत मोजावे इतकेच. त्यांतही पैसे वेळेवर देणारे किती असतील, हे वर्गणी गोळा करणाऱ्या कुणालाही सांगायला नको!

तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, पण मुंबईपासून फार दूर. गंमत म्हणजे इथेही त्याच सुमाराला काहीतरी सुरू झालं होतं. लंडन मिशनची इंग्रजी शाळा, जिला आपण पुढे बेननस्मिथ म्हणून ओळखतो, ती आपली सुरुवात १८३२ चीच सांगते. म्हणजे मुंबईत इंग्रजी-मराठीचे दोन रकाने शेजारी बसत होते, त्याच वेळी या कोपऱ्यातही मुलं इंग्रजीची अक्षरं गिरवू लागली होती.

साडेआठ वर्षं ‘दर्पण’ चाललं. फायदा होत नव्हता, तरी चाललं. १ जुलै १८४० ला त्याचा शेवटचा अंक निघाला.

इथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. बरोबर तीन वर्षांनी, १ जुलै १८४३ ला, मंगळुरात बासेल मिशनच्या हर्मन मोग्लिंग यांनी ‘मंगळूर समाचार’ काढलं. ते कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र. म्हणून कर्नाटकात पत्रिका दिन १ जुलैला असतो. मराठीचा आरसा ज्या तारखेला मिटला, त्याच तारखेला कन्नडचा उघडला. आपल्या शहरात दोन्ही दिवस साजरे होतात, बहुधा वेगवेगळ्या सभागृहांत आणि वेगवेगळ्या लोकांसमोर. तारखांनी मात्र त्यांना कधीच शेजारी बसवलंय.

वर्ग आणि वेधशाळा

‘दर्पण’ चालू असतानाच १८३४ मध्ये बाळशास्त्रींची एल्फिन्स्टन कॉलेजात नेमणूक झाली. तिथे प्राध्यापकपदापर्यंत पोचलेले ते पहिले एतद्देशीय. त्यांच्या विद्यार्थ्यांत दादाभाई नौरोजी होते. म्हणजे ज्या माणसानं पुढे इंग्रज राज्यात हिंदुस्थानची संपत्ती कशी वाहून जाते याचा हिशेब मांडला, त्याला शिकवणाऱ्यांत हे एक होते. कुलाब्याच्या वेधशाळेचं काम त्यांनी पाहिलं. जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यांवर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. शाळा तपासल्या. शिक्षक तयार करण्यासाठी वर्ग निघाला, त्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच आली. १८४० मध्ये सरकारनं त्यांना जस्टिस ऑफ द पीस केलं.

आणि पुस्तकं! मुलांसाठी व्याकरण, भूगोल, नीतिकथा, इंग्लंडचा इतिहास, हिंदुस्थानचा इतिहास, आणि कलनशास्त्रावर ‘शून्यलब्धिगणित’. आज अकरावी-बारावीत आपण ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणून घाबरतो, ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा माणूस मराठीत समजावून देत होता. नवा विषय आला की त्याला मराठी शब्द घडवायचा. शब्द कठीण झाला तरी चालेल, पण गोष्ट मराठीत सांगता आली पाहिजे, हा त्यांचा हट्ट त्या पुस्तकाच्या नावातच दिसतो.

‘दर्पण’ बंद व्हायच्या सुमारालाच, मे १८४० मध्ये, त्यांनी ‘दिग्दर्शन’ सुरू केलं. हे मराठीतलं पहिलं मासिक. यात बातम्या नव्हत्या, ज्ञान होतं. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, इतिहास, व्याकरण. सुमारे पाच वर्षं ते त्यांनी सांभाळलं. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. ज्ञानेश्वरी छापली गेली ती ही पहिल्यांदाच. एका हातानं कलनशास्त्र आणि दुसऱ्या हातानं ज्ञानेश्वरी. या दोन गोष्टींचं एकमेकींशी वाकडं आहे असं त्यांना कधी वाटलं नसावं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे शिक्षकाचं चरित्र झालं, पत्रकाराचं कुठे? मला वाटतं तोच तर मुद्दा आहे. त्यांच्या लेखी वर्ग आणि वर्तमानपत्र ही दोन कामं नव्हतीच. वर्गात तीस-चाळीस मुलं बसतात, वर्तमानपत्रात न दिसणारी मुलं बसतात, एवढाच फरक.

श्रीपादची गोष्ट

आता ज्या प्रसंगात त्यांची खरी परीक्षा झाली त्याकडे येऊ. आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे, म्हणून ही गोष्ट जरा सावकाश आणि सरळ सांगितली पाहिजे.

बाळशास्त्री मिशनऱ्यांच्या बाजूचे नव्हते. त्या काळात मुंबईत धर्मावरून जोरात वाद चालायचे. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांची जाहीर वादचर्चा १८३१ मध्ये झाली होती. हिंदू मुलांनी ख्रिस्ती व्हावं हे बाळशास्त्रींना मान्य नव्हतं. पण मिशनऱ्यांच्या शाळा, छापखाने, कोश यांचं मोल त्यांना कळत होतं, आणि वाद घालायचा तर लेखणीनं घालायचा हेही.

१८४३ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत नारायण शेषाद्री आणि श्रीपाद शेषाद्री हे दोन भाऊ शिकत होते. मोठ्या नारायणानं सप्टेंबर महिन्यात बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपाद बारा वर्षांच्या आतबाहेरचा. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला, त्यांच्यात जेवला. वडील न्यायालयात गेले. मुलगा अज्ञान आहे म्हणून न्यायालयानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं.

कायद्यानं प्रकरण तिथे संपलं. घरात मात्र ते तिथूनच सुरू झालं. ज्या मुलानं ख्रिस्ती माणसाच्या घरचं अन्न खाल्लं, तो जातीतून गेला, असं सनातन्यांचं म्हणणं. त्याला पंगतीत कोण घेणार? मुंज झालेल्या या मुलाला आता ना तिकडे जागा, ना इकडे. वडिलांनी मुलगा परत मिळवला, पण समाज त्याला आत घेईना.

बाळशास्त्री पुढे झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. चूक झाली असं तुम्ही मानता ना, मग शास्त्रात प्रायश्चित्त सांगितलंय ते द्या आणि मुलाला घरात घ्या. पोंभुर्ल्यात शिकलेली सगळी विद्या त्यांनी इथे पणाला लावली. शास्त्राचे आधार काढले, पंडितांशी बोलले, श्रीपादला प्रायश्चित्त देऊन परत घ्यायची व्यवस्था केली. मुंबईत दोन तट पडले. ज्यांच्यात उठबस, ज्यांच्या घरी सोयरीक, तेच लोक विरोधात उभे राहिले. जातीच्या बहिष्काराचा अर्थ त्या काळात काय होता हे आज आपल्याला नीट कळणार नाही. पंगत बंद, पाणी बंद, लग्नकार्य बंद, मरणाला खांदा देणारे बंद. सरकारी मानमरातब, प्राध्यापकपद यांचा तिथे काडीचा उपयोग नसतो. हे सगळं माहीत असून ते मागे हटले नाहीत.

या प्रसंगाला काही जण शुद्धीकरणाची पहिली मोठी चळवळ म्हणतात, काही जण मिशनऱ्यांवरचा विजय म्हणतात. मला दोन्ही नावं थोडी मोठी वाटतात. तिथे होता एक घाबरलेला मुलगा, आणि दार बंद करणाऱ्यांना दार उघडा म्हणणारा एक मास्तर.

पण आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. श्रीपादला स्वतःला काय हवं होतं? तो तर भावाबरोबर राहायला गेला होता. मिशन, बाप, न्यायालय, शास्त्री, सगळ्यांनी त्याच्या नावानं बोलून घेतलं. बाळशास्त्रींनीही जे केलं ते शास्त्राच्या चौकटीत राहून केलं. ती चौकटच चुकीची आहे असं म्हणायला अजून फुल्यांची वाट पाहावी लागणार होती. जोतीराव तेव्हा शाळेत होते, तेही स्कॉटिश मिशनच्याच, पुण्याच्या शाळेत.

आणि नारायण? तो मोठा भाऊ रेव्हरंड नारायण शेषाद्री झाला. जालन्याकडे जाऊन त्यांनी आयुष्यभर महार-मांग समाजात काम केलं, बेथेल नावाची वसाहत उभी केली. म्हणजे एका घरातल्या दोन मुलांच्या दोन वाटा झाल्या. एकाची वाट मिशननं घडवली, दुसऱ्याला घराचं दार बाळशास्त्रींनी उघडून दिलं. दोन्ही वाटांवर कुणीतरी जातीच्या भिंतीशी झगडत होतं, एवढं मात्र खरं. आपल्या कॉलेजात बसून ही गोष्ट वाचताना दोन्ही भावांना मनात जागा द्यावी असं मला वाटतं.

शेवट लवकर आला

मे १८४६ मध्ये बाळशास्त्री गेले. वय अवघं चौतीसच्या आसपास. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. आज पत्रकारितेचे विभाग आहेत, पदव्या आहेत, सुवर्णपदकं आहेत, आणि त्यांच्या नावाचे पुरस्कार आहेत. हा माणूस स्वतः कुठल्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. असायला विद्यापीठच नव्हतं.

काम थांबलं नाही. भाऊ महाजनांनी १८४१ मध्येच ‘प्रभाकर’ काढलं होतं. त्यातच १८४८ पासून लोकहितवादींची ‘शतपत्रे’ आली आणि पुण्या-मुंबईच्या वाड्यांना हादरे बसले. नगरला अमेरिकन मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघालं होतं. पुढे ‘केसरी’ आला, ‘दीनबंधु’ आला, आणि १९१९ मध्ये आपल्या बेळगावात बाबूराव ठाकुरांचं ‘तरुण भारत’. तोवर मराठी वाचक तयार झालेला होता. तो आपोआप झाला नव्हता.

आणखी एक तारीख. मे १९४६ मध्ये, बाळशास्त्री जाऊन बरोबर शंभर वर्षं झाली त्या महिन्यात, बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, स्वतः एक संपादक. त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या ठरावापासून सुरू झालेली गोष्ट आपल्या घरांत अजून संपलेली नाही, हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. तो वाद इथे उकरायचा नाही. पण एक मनात येतं. सीमेवर राहणाऱ्या माणसाला रोज दोन रकाने वाचावे लागतात. एकाच मोर्चाची बातमी मराठीत एक आणि कन्नडमध्ये दुसरी येते, तेव्हा दोन्ही वाचणारा माणूस गोंधळतो, पण शहाणाही होतो. बाळशास्त्रींनी तर दोन्ही रकाने एकाच हातानं लिहायचं व्रत घेतलं होतं. त्यात फसवाफसवीला जागाच ठेवली नव्हती.

पुरस्कार देताना आपण काय मोजतो? किती बातम्या, किती वर्षांची सेवा, किती गाजलेला लेख. मोजावंच, त्यात वाईट काही नाही. पण ज्यांच्या नावानं देतो त्यांच्या मापानं मोजायचं तर दोनच प्रश्न पुरतील. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याच्या भाषेत ते छापलं असतं तरी तू तेच लिहिलं असतंस का? आणि आपल्याच माणसांनी दार लावून घेतलं, तेव्हा तू कुठल्या बाजूला उभा होतास?

आपल्या मंडळाचं भित्तिपत्रक ग्रंथालयाच्या जिन्याजवळ लागतं. जाता-येता मुलं थांबून वाचतात, कन्नड विभागाची मुलंही थांबतात, आणि एखादा शब्द अडला तर विचारतात. माझी एक सूचना आहे. येत्या ६ जानेवारीला आपण ते दोन रकान्यांत काढू, एकात मराठी, शेजारी कन्नड, मजकूर एकच. अनुवाद करायला कन्नड मंडळातल्या मित्रांना बोलवू. भांडणं होतील, शब्दांवरून अडेल, रात्री उशीर होईल. तरी काढू. हार घालण्यापेक्षा ते बाळशास्त्रींना जास्त आवडेल.